महालक्ष्म्यांच्या मागची भिंत

"घरात ओल आहे" असं मला फोनवर आजवर एकाही माणसानं सांगितलेलं नाही. सांगतात ते असं: "भैया, थोड़ा सा पेंट छोड़ रहा है." मधुमेह झालेला माणूस "शुगर जरा बॉर्डरवर आहे" म्हणतो ना, त्यातलीच गत. जाऊन बघावं तर कपाटामागं कमरेइतकी भिंत काळी पडलेली, प्लास्टरला फोड आलेले आणि कपाटातल्या शालूला बुरशी. तरी घरधनी म्हणतो, "बस, एक हात पुट्टी मार दो." पुट्टी मारून भागलं असतं तर माझी चूल पेटलीच नसती.

रायपुरात लोक मला सीलनवाले, म्हणजे ओलवाले, भैया म्हणतात. मराठी घरांत मी गजाननभाऊ. वडील वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. मीही रेल्वेत चिकटावं अशी त्यांची फार इच्छा होती. मी आयटीआय करून प्लास्टरच्या कामात शिरलो, तेव्हा ते आल्यागेल्याला सांगायचे, "पोट्टा बिल्डिंग लाइनमध्ये हाय." गवंडी हा शब्द त्यांच्या तोंडून शेवटपर्यंत निघाला नाही. आता माझे गुडघे कुरकुरतात, म्हणून मी परांचीवर चढत नाही. भिंत बघायला मात्र लोक अजून बोलावतात आणि मी जातो.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुन्या घरांच्या विटा मातीत नाहीतर चुन्यात रचलेल्या असतात. वर चुन्याचं प्लास्टर. जमिनीतली ओल अशा भिंतीत थोडीफार चढतेच, पण चुन्यातून ती वाफ होऊन निघूनही जाते. मग घरातल्या कुणाला तरी डाग दिसतो आणि तो चुना खरवडून सिमेंट चोपडतो. सिमेंटमधून पाणी बाहेर पडत नाही, म्हणून ते आतल्या आत आणखी वर चढतं. वर डाग दिसला की टाइल्स लावतात. मग ते टाइल्सच्याही वर जातं. दिसत नाही तेवढे दिवस घरच्यांना वाटतं, गेलं एकदाचं. विटा चुन्यात असतील तर ती भिंत हे बरीच वर्षं सोसते. मातीत असतील तर आतली माती भिजून पुन्हा चिखल होते.

गिऱ्हाइकं तर एकेक नग. सदर बाजारात एका सराफाच्या गल्ल्यामागं ओलीचा डाग पडला होता आणि त्याला त्यात माणसाचं तोंड दिसायचं. त्यानं आधी बैगा, म्हणजे मंतरणारा, बोलावला, लिंबू-मिरची बांधली, नारळ फोडला. शेवटी मला बोलावलं. वरच्या दुकानाच्या एसीची नळी भिंतीत निथळत होती. नळी वळवली, डाग वाळला. सराफ खुश झाला, पण मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "भैया, दोनों बातें भी तो हो सकती हैं ना?" मी म्हटलं, "हो सकती हैं." वाळलेल्या भिंतीवर वाद कशाला घालायचा?

अशा मजा पुष्कळ. पण या धंद्यात माझा जीव खरोखर टांगणीला लागला तो एकदाच, आणि तेही अगदी अलीकडे, आमच्याच माणसांच्या घरात.

तात्यापाऱ्यात विनायकराव आणि शोभाताई राहतात. मूळचे अमरावतीकडचे. विनायकराव रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, मुलगा बंगळुरूला. खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं अंगण. वर एकच खोली, तीही नंतर चढवलेली आणि भाड्यानं दिलेली. महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी शोभाताईंचा फोन आला.

"गजाननभाऊ, भिंतीवरचं पॅनल फुगून राहिलं जी. उद्या महालक्ष्म्या येऊन राहिल्या. तेवढे दोन खिळे ठोकून द्या न."

पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात, त्या आमच्या विदर्भात महालक्ष्म्या. दोघी बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, तीन दिवसांसाठी माहेरी येतात. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. त्यांची बसायची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते. एकदा बसवल्या की त्यांना हलवायचं नाही, कारण अक्षता टाकून जागेवरून जरासं हलवणं हेच त्यांचं विसर्जन. जेवणाआधी हलवल्या तर माहेरवाशीण उपाशी परत पाठवल्यासारखं होतं. आमच्याकडच्या बाईला याहून मोठा धसका नाही.

मी गेलो, सोबत बिसाहिनबाई. ती कित्येक वर्षं माझ्याकडे रेजा आहे. रेजा म्हणजे बांधकामावर घमेली वाहणारी बाई. पण बिसाहिन प्लास्टरही मारते आणि माझ्यापेक्षा सफाईनं मारते. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, नाहीतर ती डोक्यावर बसेल.

मधल्या खोलीची मागची भिंत ही महालक्ष्म्यांची जागा. तिच्यावर वरपासून खालपर्यंत पांढरं चकचकीत प्लास्टिकचं पॅनल. मी विचारलं, तेव्हा विनायकरावांनी सगळी हकिकत सांगितली. दरवर्षी महालक्ष्म्यांच्या आधी ही भिंत खराब दिसायची, म्हणून दरवर्षी तिला काहीतरी नवं चढवायचे. आधी डिस्टेंपर, मग सिमेंटचं प्लास्टर, मग कमरेपर्यंत टाइल्स आणि आता मुलानं पैसे पाठवून हे पॅनल. आमच्या लोकांची ही खोडच आहे. नवऱ्याचा खोकला वर्षभर चालतो, पण महालक्ष्म्यांच्या मागं डाग चालत नाही.

पॅनल उतरवलं तसा कुबट वास सगळ्या खोलीत पसरला. टाइल्सवर हातोडीच्या दांड्यानं ठोकलं तर पोकळ आवाज. टाइल्सच्या वरच्या प्लास्टरमध्ये माझा अंगठा रुतला. भिंतीला ओळंबा लावला. भिंतीला पोट आलं होतं, चांगलं चार बोटं. वरच्या अंगाला एक बारीक तडा थेट गर्डरपर्यंत गेला होता. या घराचं छत दोन लोखंडी गर्डरांवर दगडी फरशा टाकून केलेलं, आणि दोन्ही गर्डरांचं एकेक टोक याच भिंतीत. वरच्या खोलीची भिंतही हिच्याच डोक्यावर.

"शोभाताई," मी म्हटलं, "आत माती राहिली नाही, चिखल झालाय. यंदा महालक्ष्म्या समोरच्या खोलीत बसवा."

"जागा नाही बदलता येत भाऊ. सासूबाईंनी बसवलेली जागा हाय. अन् सणासुदीचं असं अशुभ काहून बोलता?"

"अशुभ नाही, भिंतीचं बोलून राहिलो."

विनायकराव मधे पडले. "इतकी वर्षं उभी हाय न बापा. तीन दिवस काही नाही होत. मग तुम्ही म्हणाल ते करू."

खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. पोट आलेल्या भिंती वीस-वीस वर्षं उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि एका दुपारी बसलेल्याही पाहिल्या आहेत. अशा वेळी आमच्यात एक जुनी पद्धत आहे. तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवायची आणि दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं घट्ट बसवायची. काच लवत नाही. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. मी पट्टी लावली आणि शोभाताईंना बजावलं, की या खोलीत पंगत बसवायची नाही, पूजेपुरतंच आत जायचं आणि काच तडकली तर देवसुद्धा न आठवता बाहेर पडायचं. पंगतीचं त्यांनी ऐकलं. महालक्ष्म्यांच्या मागं एक जुना शालू टांगून, काच तेवढी उघडी ठेवून त्यांनी भिंत झाकली.

पाणी येतं कुठून, ते मात्र सापडेना. अंगणातला नळ कोरडा, न्हाणीघर लांब, टाकी दुसऱ्या बाजूला. वरची खोली बघायला जिना चढलो. लोखंडी जिना, तोही त्याच भिंतीत अडकवलेला. वर दुलेश्वरी म्हणून एक तरुण पोरगी राहते. नवरा भनपुरीच्या ट्रान्सपोर्टमध्ये ट्रक चालवतो आणि तेव्हा ओडिशाकडे गेलेला होता. तिचं सीझर होऊन थोडेच दिवस झाले होते. बाळ कुशीत, ती भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"इहां तो सब सुक्खा हे भैया," ती म्हणाली.

खाली आल्यावर मी विनायकरावांना म्हटलं, हिला चार दिवस दुसरीकडे हलवा. ते म्हणाले, "कुठी हलवू? सासर कवर्ध्याच्या पलीकडं, माहेरी बघणारं कोणी नाही. डबा आम्हीच देऊन राहिलो." डबा शोभाताईच द्यायच्या, पण सण लागल्यापासून त्या सोवळ्यात होत्या, म्हणून डबा जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवून हाक मारायच्या आणि विनायकराव तो वर पोहोचवायचे. बाळंतिणीला शिवून महालक्ष्म्यांचा स्वयंपाक करायचा नाही, असं त्या घरात चालत आलेलं.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या आल्या. मी संध्याकाळी जाऊन काच बघितली, शाबूत होती. बरं वाटलं. पण त्या रात्री पाऊस असा काही लागला की थांबायचं नाव घेईना. पांघरुणात पडल्या पडल्या मला ती भिंतच दिसत होती. सकाळी मी पंडरीच्या सेंटरिंगवाल्याला उठवून लोखंडी जॅक टेम्पोत टाकले, बिसाहिनला घेतलं आणि तात्यापाऱ्यात पोहोचलो. जॅक म्हणजे स्लॅब टाकताना खालून लावतात ते खांब. आटे फिरवून उंची कमीजास्त करता येते.

घरात जेवणाची गडबड. पुरणाचा वास गल्लीपर्यंत आलेला. समोरच्या खोलीत पाहुणे जमायला लागले होते. जॅक बघून विनायकरावांचा चेहरा पडला.

"भाऊ, एवढं जेवण उरकू द्या न. लोकं काय म्हणतील? महालक्ष्म्यांसमोर हे सेंटरिंगचं सामान!"

मी काच बघितली. शाबूत. म्हणून जॅक दाराशी उतरवून ठेवले आणि अंगणात गेलो. पाऊस नुकताच उघडला होता, आणि तिथं मला जे दिसलं ते दोन दिवसांपूर्वी कोरड्या अंगणात दिसणं शक्यच नव्हतं. अंगणात वर्षापूर्वी नवी फरशी घातली होती. भिंतीला लागून तुळशीपुरता मातीचा एक चौकोन तेवढा उघडा ठेवलेला. सगळ्या अंगणाचं पाणी, पत्र्याच्या पन्हाळीचं पाणी, सगळं चुपचाप त्या चौकोनात शिरत होतं आणि गायब होत होतं.

तेवढ्यात शोभाताई पूजेचं ताम्हण आणि तांब्या घेऊन आल्या आणि पाणी तुळशीत ओतलं.

"हे पाणी रोज इथंच?" मी विचारलं.

"मग? तीर्थाचं पाणी नालीत टाकतात का भाऊ? देवाचं, सोवळ्याचं, तांदूळ धुतलेलं, सारं इथंच. सासूबाईंपासून."

पायदळी जाऊ नये म्हणून दोन पिढ्यांनी देवाचं पाणी भिंतीच्या मुळाशी घातलं होतं. आधी उघड्या अंगणात ते पसरायचं, जिरायचं, वाळायचं. फरशी झाल्यापासून त्याला जायला ती एकच वाट उरली होती. मला हसावं की कपाळावर हात मारावा, कळेना. एवढ्या भक्तीनं कुणी आपल्या घराचा पाया भिजवलेला मी पाहिला नव्हता. पायानं माती दाबली तर घोट्यापर्यंत रुतलो.

आतून बिसाहिनची हाक आली. "भैया, कांच फूट गे."

धावत गेलो. पट्टी मधोमध तडकली होती. माझ्या डोळ्यांसमोर तिचे दोन्ही तुकडे एकमेकांपासून किंचित दूर झाले. शालूच्या मागून बारीक माती गळत होती. आवाज उंदरानं कुरतडल्यासारखा, मधेच थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

मी ओरडलो, "सगळे बाहेर! गल्लीत! जेवायची पानं राहू द्या तिथंच!"

लोक निघाले, पण आपल्या लोकांच्या निघण्यानं. एकानं चपला शोधल्या, एक काकू विचारत बसल्या, "काय झालं? काय झालं जी?" विनायकरावांनी हात धरून धरून सगळ्यांना बाहेर काढलं. शोभाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. अंगावर सोवळ्याचं रेशमी लुगडं, हातात कढीची पळी. नैवेद्याची दोन पानं वाढून तयार होती. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, कढी, वडे, सगळं.

"भाऊ, पाचच मिनिटं," त्या म्हणाल्या. "नैवेद्य दाखवते अन् निघते. उपाशी नका ठेवू त्यायले."

"ताई, आत पाऊल टाकायचं नाही. वर पोरगी आहे."

तोवर कुणाच्या लक्षातच नव्हतं. विनायकराव जिन्याखालून हाका मारायला लागले. वरून दुलेश्वरीचं रडं ऐकू आलं. जिना ओला, उभा, आणि टाके ताजे. "मोला डर लागत हे. मैं नइ उतर सकंव." बिसाहिन आधीच वर चढली होती. तिनं बाळ घेतलं, खाली विनायकरावांच्या हातात दिलं आणि पुन्हा वर गेली. पण पोरगी एकटीच्यानं उतरवण्यासारखी नव्हती. जिना अरुंद, एक पुढं आणि एक मागं हवी. माझ्या गुडघ्यांचा भरवसा नव्हता, आणि जॅक लावणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी खोलीत शिरलो. महालक्ष्म्या भिंतीला लागूनच होत्या, म्हणून त्यांच्या पुढ्यात फळी टाकून पहिला जॅक उभा केला आणि गर्डरखाली नेला. अशा वेळी घाईनं आटे आवळायचे नसतात. छत वर उचलायला गेलं तर भिंतीवरचा दाब फिरतो आणि ती लगेच बसते. नुसतं टेकवायचं. मी आटे हळूहळू फिरवत राहिलो. माती आता मुठीमुठीनं पडत होती. समोर दोघी बहिणी नथी घालून माझ्याकडे बघत होत्या. मी भ्यालो होतो, साफ भ्यालो होतो. जॅक छत धरील. वरच्या खोलीची भिंत धरणार नाही, हे मला ठाऊक होतं. आणि जिना त्याच भिंतीत.

खिडकीतून मला जिना दिसत होता. शोभाताई पळी टाकून जिन्यापाशी आल्या होत्या, पण अजून खाली, पहिल्या पायरीशी. वर बघत होत्या. सकाळपासून पाण्याचा थेंबही न घेता, कुणाचा पदर लागू न देता केलेला स्वयंपाक त्यांच्या पाठीमागं होता. मला वाटतं दोन श्वास त्या तशा थांबल्या असतील. मला ते फार लांब वाटले. मग त्यांनी लुगड्याचा ओचा वर खोवला आणि जिना चढल्या.

"बिसाहिन, तू मागून धर. दुलेश्वरी, मेरे गले में हाथ डाल. डाल न पोट्टी, पाहून काय राहिली!"

"दीदी, आप तो पूजा में..."

"डाल म्हटलं न!"

एकेक पायरी. शोभाताई उलट्या उतरत होत्या, पोरीचा सगळा भार अंगावर घेऊन. बिसाहिन मागून म्हणत होती, "चल नोनी, धीरे, धीरे." प्रत्येक पावलाला जिना हलायचा आणि तो हेलकावा भिंतीतून माझ्या हातातल्या जॅकपर्यंत यायचा. मी दुसरा जॅक टेकवला, तिसरा टेकवला. त्या शेवटच्या पायरीवरून उतरल्या आणि अंगण ओलांडून गल्लीत गेल्या, ते बघून मी बाहेर पडलो, दार ओढलं आणि कडी घातली.

कडी घालतोय तोच आत धबकन आवाज झाला. टाइल्ससकट प्लास्टरचा थर खाली आला होता. मागून घर कण्हल्यासारखा एक लांब आवाज, आणि मग शांतता. फटीतून बघितलं. भिंत पायाशी फुटली होती आणि खाली बसली होती. छत जॅकवर थांबलं होतं. वरची खोली एका अंगाला कलली होती, आणि जिना अधांतरी लोंबत होता.

त्या घराचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. वरची खोली आम्ही उतरवली. भिंत एकदम न पाडता तुकड्यातुकड्यानं नवी घेतली, एक हात खोदायचं, बांधायचं, मग एक हात सोडून पुढचं. आतून सिमेंट नाही, टाइल्स नाहीत, फक्त चुना. चुना मळणारे हात आता रायपुरात शोधावे लागतात, आणि माझ्यानंतर ते कोण शोधेल मला माहीत नाही. त्याचं वाईट वाटतं. तुळस अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली. शोभाताई आता देवाचं पाणी तिथं घालतात आणि विनायकराव भिंतीला रोज हात लावून बघतात. महालक्ष्म्यांचं विसर्जन तिसऱ्या दिवशी उंबऱ्यातूनच अक्षता टाकून झालं. धाकटीच्या अंगावर माती पडली होती, एवढंच.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आम्ही सगळे गल्लीत उभे होतो. समोरच्या घराच्या ओट्यावर दुलेश्वरीला टेकवून बसवलं होतं. बाळ तिच्या मांडीवर. शेजारी बिसाहिन, कोपरापर्यंत मातीनं माखलेली, तिला पदरानं वारा घालत होती. विनायकराव बंद दाराकडे बघत पुटपुटले, "नैवेद्य राहिला. उपाशीच राहिल्या बापा यंदा." आमच्याकडे नैवेद्य ठेवला की दार लोटून घेतात, त्या जेवताना कुणी बघायचं नसतं. इथं दार बंद झालं होतं आणि पानं बाहेर राहिली होती.

स्वयंपाकघर घराच्या दुसऱ्या अंगाला होतं, तिकडून आत जाता येत होतं. शोभाताई गेल्या आणि नैवेद्याची दोन्ही पानं दोन ताटांत घेऊन आल्या. एक त्यांनी दुलेश्वरीपुढे ठेवलं, दुसरं बिसाहिनपुढे.

"शोभा, अगं तो नैवेद्य हाय!" गर्दीतल्या काकू म्हणाल्या.

"मले ठाऊक हाय," शोभाताई म्हणाल्या.

बिसाहिन मागं सरकली. "मोर हाथ माटी-माटी हे दीदी." शोभाताईंनी ओट्यावरच्या तांब्यातलं पाणी तिच्या हातांवर घातलं. मग तांब्यातलंच पाणी उजव्या तळहातावर घेतलं आणि नैवेद्याला फिरवतात तसं दोन्ही ताटांभोवती फिरवलं. डोळे मिटले. ओठ हलत होते. दुलेश्वरी रडवेली होऊन एकदा त्यांच्याकडे आणि एकदा ताटाकडे बघत होती.

मग शोभाताई उठल्या, शेजारच्या दोरीवरची चादर ओढली आणि एक टोक नवऱ्याच्या हातात दिलं. दोघांनी ती ओट्यापुढे धरली आणि पाठ फिरवून उभे राहिले. काकूंनीही हळूच तोंड वळवलं. मग सगळ्या गल्लीनं वळवलं. मीही वळवलं.

चादरीमागून ताटात पोळी मोडल्याचा आवाज आला. बाळ कुरकुरलं आणि थांबलं.

मग बिसाहिनचा आवाज आला, जरा संकोचत, पण तोंडात घास असलेला.

"दीदी, कढ़ी अउ हे का?"

शोभाताईंनी मागं वळून पाहिलं नाही. आपल्या हातातलं चादरीचं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं आणि अजून कढी आणायला घरात गेल्या.